आधी शाळेनं फोन खाली ठेवावा

शाळेतली भांडणं आता शाळेत सुरू होत नाहीत. मी तालुक्याच्या गावातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. नववीची वर्गशिक्षिका आहे. आमचा भाग उसाचा. पूर्वी दोन पोरं एकमेकांच्या अंगावर धावून गेली की कारण मधल्या सुट्टीपर्यंत सापडायचं. कुणी कुणाच्या बापाचं नाव घेऊन चिडवलेलं असायचं, कुणी बाकावरची जागा बळकावलेली असायची, कबड्डीत कोण बाद यावरून जुंपलेली असायची. साक्षीदार वर्गातच बसलेले असायचे. आता प्रार्थनेच्या रांगेत धक्काबुक्की होते आणि विचारलं तर दोघंही गप्प. मग हळूहळू उलगडत जातं: रात्री अकराच्या पुढे एकानं स्टोरी टाकली, दुसऱ्यानं तिच्यावर खिदळणारं तोंड पाठवलं, तिसऱ्यानं त्याचा स्क्रीनशॉट काढून भलत्याच ग्रुपवर फिरवला, आणि सकाळी शाळा भरली तेव्हा वर्गातल्या बहुतेकांना हे सगळं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आम्हा शिक्षकांना आणि दोन्हीकडच्या आईबापांना.

भांडणं सोडवणं हे शिक्षकाचं जुनंच काम आहे. पण ज्या भांडणाचा पहिला अर्धा भाग आपण पाहिलेलाच नाही, त्याचा निवाडा करायचा कसा? शिक्षा होते ती शेवटच्या धक्क्याला. ज्यानं रात्री स्क्रीनशॉट फिरवला तो पोरगा त्या वेळी दुसऱ्या बाकावर शहाण्यासारखा बसून गणितं सोडवत असतो.

मुलं बिघडली, हे वाक्य मी लिहिणार नाही. ते प्रत्येक पिढीच्या मास्तरांनी लिहून झालंय. गावात व्हिडिओ पार्लर आलं तेव्हा म्हणून झालं, केबल आली तेव्हा म्हणून झालं, आणि तेव्हाची ती बिघडलेली पोरं आज ग्रामपंचायतीत सदस्य आहेत. पालकसभेत उठून हल्लीच्या मुलांबद्दल तावातावानं बोलतात. माझं म्हणणं त्याहून मर्यादित आहे. मुलांच्या वागण्यातल्या काही गोष्टी बदलल्या आहेत, त्या रोज डोळ्यांना दिसतात, आणि त्या बदलाला शाळा स्वतः हातभार लावते आहे.

सगळ्यांत ठळक बदल प्रेक्षकाचा. धावताना मूल पडलं तर पूर्वी दोघं उचलायला यायचे आणि चौघं हसायचे. हसणारे पाच मिनिटांत विसरायचे. आता ते पडणं कुणाच्या तरी फोनमध्ये राहतं. शाळेत फोन आणायला बंदी आहे, पण स्नेहसंमेलन, सहल, शिकवणी आणि एसटी स्टँड इथं ती लागू करणार कोण? आपलं चित्रण केव्हाही होऊ शकतं हे एकदा कळलं की मूल एक तर अंग चोरायला लागतं, नाही तर सतत कॅमेऱ्यापुढे असल्यासारखं वागायला लागतं. कविता चालीवर म्हणा म्हटलं की वर्गातली सगळ्यांत गोड गळ्याची मुलगी मान खाली घालते, कारण तिच्या गाण्याला मागे कुणी तरी कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज जोडून तो व्हिडिओ फिरवला होता. दुसऱ्या टोकाला मुलगे. वाढदिवसाला चौकात फ्लेक्स, फ्लेक्सवर गॉगल लावलेले शुभेच्छुक, केक कापायला कोयता आणि मागे कुठला तरी दमदाटीचा डायलॉग. आमच्याकडे कोयता घरोघरी असतो, उसाला लागतो. त्यामुळे पोलीस ठाण्यातून बोलावणं येईपर्यंत आईबापांना त्यात हत्यार दिसतच नाही. एरवी हीच मुलं लाजाळू असतात. वाटेत मी दिसले की सायकलवरून उतरून उभी राहतात. रीलमधल्या त्या घोगऱ्या आवाजाचा मालक हाच, यावर विश्वास बसत नाही. आधी हसू येतं, काळजी नंतर वाटते.

दुसरा बदल मला जास्त छळतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मुलांना भांडण मिटवता येईनासं झालंय. मैदानावर भांडलेल्या दोघांना दुसऱ्या दिवशी डाव मांडायचा असतो, गडी कमी पडत असतात. मग कुणी तरी मध्ये पडून ‘बोला रे आता’ म्हणतं आणि विषय संपतो. माफीबिफी कुणी मागत नाही, तिची गरजही नसते. फोनवर गडी कधी कमी पडत नाहीत. ब्लॉक करायचं, नवा ग्रुप काढायचा, त्यात त्याला घ्यायचं नाही. एका बाकावर बसणाऱ्या दोन मुली अख्खी सहामाही एकमेकींशी बोलत नाहीत आणि नेमकं काय झालं होतं ते दोघींनाही धड सांगता येत नाही. अबोला धरणं आणि सोडणं हे दोन्ही आम्ही बालपणी शिकलो. यांना धरणंच तेवढं शिकायला मिळतं आहे. पुढे संसार करताना, नोकरीत, भाऊबंदकीत हे किती महागात पडेल, याचा विचार केला की पहिल्या तासाला पेंगणारी मुलं मला त्या मानानं किरकोळ वाटतात. निबंधांचंही तसंच. वह्यांमध्ये अचानक निर्दोष, गुळगुळीत आणि निर्जीव मराठी उगवलंय. ‘माझा आवडता सण’ लिहिताना आमच्या बेंदराचा, बैलांच्या शिंगांना लावायच्या हिंगुळाचा पत्ता नसतो. वाचून वाईट वाटतं. पण निबंध वर्गात बसवून लिहून घेतला की तो प्रश्न सुटतो. अबोल्याचा सुटत नाही.

इथं दुसरी बाजूही मांडायला हवी. फोनमुळे मुलं दुःखी झाली, हे विधान वाटतं तितकं सिद्ध झालेलं नाही. एमी ऑर्बन आणि अँड्र्यू प्शिबिल्स्की या संशोधकांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडला, की मुलांच्या मानसिक स्वास्थ्यातल्या फरकांपैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरक डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो. उलट, फ्रान्सिस हॉगन या फेसबुकच्या माजी कर्मचारी बाईंनी २०२१ मध्ये जी कागदपत्रं बाहेर आणली त्यांत, इन्स्टाग्राममुळे काही किशोरवयीन मुलींची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी वाढते, हे कंपनीच्या अंतर्गत पाहणीतच नोंदलेलं होतं. मला या दोन्हींत विरोध दिसत नाही. लाखोंच्या सरासरीत जो परिणाम दिसत नाही तो एखाद्या वर्गातल्या चार मुलींचं वर्ष खराब करायला पुरेसा असतो, आणि शिक्षकाला सरासरी शिकवायची नसते. शिवाय घरातली भांडणं, बापाचं दारूचं व्यसन, दहावीनंतर काय याची धास्ती ही कारणं फोनच्या कितीतरी आधीपासून मुलांच्या मानगुटीवर आहेत. सगळं खापर फोनवर फोडलं की बाकीचे सुटतात, हेही मी पाहते.

फोन मुलांच्या हातात आला कसा, हे आठवून पाहू. जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाली, म्हणजे नेमकी शिक्षक दिनी. योगायोगच तो. तरी त्यानंतरची तीन-चार वर्षं आमच्याकडे फोन बापाच्या खिशात होता. पोराच्या हाती तो दिला २०२० नं. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही राज्याची मोहीम होती. हेतू चांगला होता आणि त्या दिवसांत दुसरा मार्गही फारसा नव्हता. मुलासाठी स्मार्टफोनची सोय करा, असं घरोघरी सांगणारे शिक्षकच होते. कुणी बचत गटातून कर्ज काढलं, कुणी भिशी आधी उचलली, कुणी करडू विकलं. नेमक्या त्याच दिवसांत बाजारही कूस बदलत होता. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामनं भारतात रील्स आणलं. पाठ्यपुस्तकाची पीडीएफ आणि कधीच न संपणारे व्हिडिओ एकाच पावसाळ्यात, एकाच उपकरणातून घरात शिरले. ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरायला लागले. मुलं शाळेत परत आली. फोन बापाच्या खिशात परत गेला नाही.

तो जाणार नाही याची तजवीज शाळांनीच केली. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप चालूच राहिला. फळ्यावर लिहायचा गृहपाठ ग्रुपवर पडू लागला, तोही बऱ्याचदा रात्री आठ-नऊला, कारण शिक्षकालाही दिवसा उसंत नसते. स्वाध्यायाचा फोटो पाठवा, लावलेल्या झाडाचा फोटो पाठवा, वाचन प्रेरणा दिनाला पुस्तक हातात धरलेला फोटो पाठवा. मुलानं वाचलं याचा पुरावा म्हणून फोनवरून फोटो मागायचा आणि मुलं वाचत नाहीत म्हणून शिक्षक परिषदेत चिंता व्यक्त करायची, हा प्रकार कुणाला विचित्र वाटत नाही. शेतातून दमून आलेली आई ‘ठेव तो फोन’ म्हणते तेव्हा पोराकडे बिनतोड उत्तर तयार असतं: ‘शाळेचं आहे.’ यापुढे ती काय बोलणार? तिची स्वतःची शाळा सातवी-आठवीत सुटलेली असते. शाळेच्या नावानं सांगितलेली गोष्ट अडवायची नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलेलं असतं. आपल्या वाट्याला आलं ते पोरांच्या वाट्याला येऊ नये म्हणून. तिच्या या श्रद्धेचा आधार घेऊन फोन रात्री अकरापर्यंत अंथरुणात राहतो.

‘असर’ या शिक्षणाच्या स्थितीच्या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या ग्रामीण अहवालात १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरल्याचं सांगितलं, समाजमाध्यमांसाठी वापरल्याचं ७६ टक्क्यांनी. या आकड्यांवर बोलताना सगळे ७६ कडे बोट दाखवतात. मला ५७ कडे बघावंसं वाटतं. घरात ७६ ला प्रवेश मिळतो तो या ५७ च्या नावावर.

मुलांना फोन द्यायचाच नाही, ही सूचना पालकसभेत हमखास टाळ्या घेते. तिचं पुढे काय होतं ते पाहा. ‘असर’च्याच २०२३ च्या, १४ ते १८ वयोगटाच्या पाहणीत फोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण १९.८ टक्के. म्हणजे मुलगा मालक आणि मुलगी उसनवार घेणारी. तिच्या हातातला फोन आईचा किंवा भावाचा असतो. तो कोण चाळतं, कधी चाळतं, यावर तिचा ताबा नसतो. घरात बंदी आली की मुलग्याचा फोन दोन दिवस कपाटात जातो आणि मुलीचा कायमचा. गोष्ट तिथंही थांबत नाही. अनोळखी नंबरवरून घाणेरडे मेसेज येणारी मुलगी घरी सांगत नाही. शाळेतही सांगत नाही, कारण शाळा पालकांना बोलावणार हे तिला माहीत असतं. तिच्या डोक्यातला हिशेब सरळ असतो: आधी फोन जाईल, मग शिकवणी, मग शाळा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत स्थळं बघायला सुरुवात होईल. ज्यांना ही अतिशयोक्ती वाटते त्यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडा बघावा. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. मेसेज पाठवणाऱ्यालाही हा हिशेब पाठ असतो, म्हणून तो निर्धास्त असतो. ही सांगणार नाही याची त्याला खात्री असते. सरसकट बंदीनं ती खात्री आणखी वाढते. मुलींच्या काळजीपोटी बंदी मागणाऱ्या भल्या माणसांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

२०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या दोन गावांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी गावानं अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाईल वापरायचा नाही असा ठराव ग्रामसभेत केला. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं १५ ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठला पुन्हा भोंगा. गाव सुमारे तीन हजार वस्तीचं. आधी महिलांची सभा घेतली, मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. सुरुवातीला लोक हसले, असं सरपंच विजय मोहिते यांनी तेव्हा वार्ताहरांना सांगितलं होतं. तळमळ दोन्ही गावांची सारखीच. पण बान्सीचा ठराव मुलांपुरता आहे आणि वडगावचा भोंगा अख्ख्या घराला लागू होतो. मालिका बघणारी आजी, हिशेब करता करता रील बघणारा बाप, सगळेच त्यात आले.

वडगावच्या युक्तीतली मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते ती एकच गोष्ट. सगळे एकाच वेळी बाहेर पडतात. मुलाला फोन सोडवत नाही याचं कारण बहुतेक वेळा त्यातली मौज नसते. आपण नसताना ग्रुपवर आपल्याबद्दल काय बोललं जाईल, ही धास्ती असते. मामाच्या गावाला जाताना स्नॅपचॅटची स्ट्रीक, म्हणजे रोज एकमेकींना फोटो पाठवायची साखळी, तुटू नये म्हणून मैत्रिणीला पासवर्ड देऊन जाणाऱ्या मुली आहेत. एकट्या मुलाचा फोन काढून घेतला की तो एकटाच बाहेर फेकला जातो आणि बाकीच्यांची मैफल त्याच्याविना चालू राहते. सातच्या भोंग्यानंतर मात्र मैफलच नसते, त्यामुळे चुकवण्यासारखं काही उरत नाही. दीड तास मर्यादित आहे, साडेआठला फोन परत मिळणार हे ठरलेलं आहे, आणि मुलीला वेगळा नियम नाही. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत असा भोंगा चालेल असं मला वाटत नाही. तिथं शेजारच्याचं नाव माहीत नसतं. पण शाळा ही अजून अशी एक जागा आहे, जिथं शे-दोनशे घरांना एकाच दिवशी एकच गोष्ट सांगता येते.

कायद्याबद्दल थोडक्यात. ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी केली आणि ती पाळायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. मुलांना किंवा पालकांना दंड नाही. ही दिशा मला पटते. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती मागतो, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई करतो. कागदावर हे चांगलं आहे. पण आमच्या गावात सिम बापाच्या नावावर, खातं भावाच्या जन्मतारखेवर आणि संमतीचा ओटीपी पोराच्याच हातातल्या फोनवर येणार. कंपन्यांना वेसण घालायलाच हवी, ते सरकारचं काम आहे, आणि त्याला जेवढी वर्षं लागायची तेवढी लागतील. तोवर आजची नववी बारावी होऊन जाईल.

म्हणून मला शाळेकडून सुरुवात हवी आहे. गृहपाठ वर्गात, फळ्यावर लिहून द्यायचा. मुलांनी तो वहीत उतरवायचा. शाळा सुटल्यानंतर मुलांसाठी म्हणून शाळेकडून फोनवर काहीही जाणार नाही, हे लेखी कळवायचं. पालकांचा ग्रुप राहू दे, पण तो मोठ्यांसाठी: पावसामुळे सुट्टी, एसटी रद्द, लसीकरण, परीक्षेचं वेळापत्रक, तेही दिवसाउजेडी. पुरावा म्हणून फोटो मागायचा नाही. झाड लावलंय की नाही ते जाऊन बघता येतं. असं झालं तर त्या दमलेल्या आईच्या हातात पहिल्यांदाच एक साधी माहिती असेल, की रात्री नऊ वाजता फोनवर शाळेचं काही नसतं. मग ती काय करायचं ते तिच्या पद्धतीनं करेल. तिच्यावर माझा विश्वास आहे. आम्ही तिचं हत्यार काढून घेतलंय ते परत द्यायचंय.

यावर पहिला आक्षेप तंत्रस्नेही शिक्षकांकडून येईल. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळवला, बालभारतीच्या पुस्तकांत ते कोड आले, आणि तुम्ही उलट्या दिशेनं निघालात, असं ते म्हणतील. मी उलटी निघालेली नाही. तो कोड वर्गात उघडावा. शाळेच्या पडद्यावर, चाळीस मुलांपुढे, शिक्षक बाजूला उभा असताना. ज्वालामुखीचा व्हिडिओ तिथं सगळे मिळून बघतात, कुणी तरी प्रश्न विचारतं, कुणी तरी चुकीचं उत्तर देतं, आणि तास संपला की पडदा बंद होतो. तोच कोड घरी एकट्यानं उघडला की ज्वालामुखी संपताच बाजूला पुढचा व्हिडिओ तयारच असतो. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाचा सूरही हाच होता की शिक्षणातलं तंत्रज्ञान कुणाच्या अटींवर चालतं ते बघा. घरच्या फोनवर ते शाळेच्या अटींवर चालत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांना सहा महिने शाळेशी जोडून ठेवणारा एकमेव धागा हा ग्रुप असतो. मूल आजीपाशी, आई फडात, आणि तिला पोराची उपस्थिती कळते ती त्या फोनवर. तो धागा तोडायचा नाही. पण त्या आईला गृहपाठाची यादी नको असते, तिला आवाज हवा असतो. महिन्यातून एकदा शिक्षकानं फोन करून ‘तुमचा पोरगा येतो हो नियमित’ एवढं सांगणं तिला कितीतरी जास्त उपयोगाचं आहे.

शिक्षकांच्या हातातल्या फोनबद्दलही बोलायला हवं, नाही तर हे सगळं ढोंग ठरेल. मुलं बघतात, की हजेरी चॅटबॉटवर भरली जाते, पोषण आहाराची माहिती ॲपवर जाते, प्रशिक्षणाची लिंक तासाच्या मध्येच येते आणि ‘अतितातडीचे’ असा मथळा असलेला मेसेज आला की कविता अर्धी टाकून सर बाहेर जातात. २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या पत्रासोबत विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी सेल्फी काढून संकेतस्थळावर चढवावी, असा उपक्रम राज्यभर झाला. शिक्षण खात्याचं कामच फोटोवर चालत असेल तर मुलांनी पुराव्याशिवाय जगायचं कुठून शिकावं? ग्रुपवरचा गृहपाठ बंद करणं हे मुख्याध्यापकाच्या हातात आहे. ही वरून येणारी फोटोंची मागणी थांबवणं मात्र खात्याच्याच हातात आहे, आणि शिक्षक संघटनांनी अशैक्षणिक कामांच्या यादीत ती सगळ्यांत वर घ्यायला हवी.

आणि मुलींसाठी एक वेगळी हमी हवी. मुलांच्या सुरक्षिततेसाठी प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असावी, असा शासनाचा २०२२ चा निर्णय आहे. समितीचा फलक बहुतेक शाळांत लागलेला दिसतो. त्या फलकाखाली मोठ्या अक्षरात एवढंच लिहावं, की फोनवरून होणाऱ्या त्रासाची तक्रार केल्यास तक्रार करणाऱ्या मुलीचा फोन काढून घ्या असं शाळा तिच्या घरी कधीही सांगणार नाही. पालकांशी बोलायची वेळ आली तर समितीतल्या बाई स्वतः घरी जातील आणि तिची शाळा बंद होणार नाही, हे आधी कबूल करून घेतील. हे वाटतं तितकं सोपं नाही. भाऊ दारात उभा राहतो, चुलते येतात. पण पोरींची तक्रार यायची असेल तर दुसरा रस्ता मला दिसत नाही.

फोन खाली ठेवल्यावर मुलांनी करायचं काय, हा प्रश्न मी खर्चाचा मानते. शाळेचं मैदान साडेपाचला कुलूपबंद होतं, कारण थांबायला शिपाई नाही. ग्रंथालय कपाटात आहे आणि ग्रंथपालाचं पद रिकामं आहे. क्रीडाशिक्षक दोन शाळांत मिळून एक. मैदान सातपर्यंत उघडं ठेवायला एका माणसाचं मानधन आणि दोन दिवे लागतात. ग्रामपंचायतीनं मनावर घेतलं तर तेवढं जमण्यासारखं आहे. गडी कमी पडायला लागतील, आणि अबोला सोडल्याशिवाय डाव होणार नाही.

जूनमधली पहिली पालकसभा हे सगळं मांडायला बरी. विरोध कुठून होईल याचा अंदाज आहे. मुलं कुरकुरतील, ते चालायचंच. काही पालकांना ग्रुपमुळे घरबसल्या कळतं, त्यांची गैरसोय होईल. सगळ्यांत जास्त नाराजी शिक्षक खोलीतच होईल, कारण तास संपताना फळ्यावर गृहपाठ लिहून तो उतरवून घेण्यात पाच-सात मिनिटं जातात आणि ग्रुपवर टाकायला अर्धं मिनिट. सभेची वेळ मात्र बदलावी लागेल. दुपारी दोनला ठेवली की आयाच येतात, आणि घरात रात्री सगळ्यांत उशिरापर्यंत चालणारा फोन सहसा त्यांचा नसतो.